पूजाभाभी ते नयन आपटे

साल १९९४, रविवारची रात्र. नऊ वाजायला आले आहेत आणि नव्या जालन्यातल्या या घरातून आता कुणी हलणार नाही. तुम्ही भिंतीला टेकून सतरंजीवर बसला आहात. आज नळाला पाणी आलं होतं, ओसरीवरचे ड्रम काठोकाठ भरलेत, आणि पाण्यामागे दिवस घालवलेल्या काकूंनी भाकऱ्या लवकर उरकून घेतल्यात. गच्चीवर कुणीतरी अँटेना फिरवतंय. वरून हाक येते, "आलं का?" खालून चार गळे एकदम ओरडतात, "गेलं! होतं तसं कर!" पडद्यावरच्या मुंग्या विरतात, एल. सुब्रमण्यम यांच्या संगीताची ओळखीची धून सुरू होते आणि घर गप्प होतं.

'सुरभी' सुरू झालंय. कुर्त्यातले सिद्धार्थ काक, आणि त्यांच्या शेजारी रेणुका शहाणे.

ती हसते, तशी खोलीतली माणसंही हसतात. या खोलीत ज्यांना हिंदी नीट कळत नाही त्यांनाही तिचं बोलणं कळतं, कारण ती शब्द खात नाही आणि समोरच्याला अडाणी समजत नाही. देशाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातला विणकर, कुठलं तरी विसरलेलं वाद्य, कुठलं तरी देऊळ ती तुमच्यासमोर आणून ठेवते. जालन्याच्या या गल्लीतून ज्या बायका लग्नाकार्याशिवाय औरंगाबादच्या पुढे गेलेल्या नाहीत, त्या आज देश पाहतात. मग प्रश्न विचारला जातो आणि घरात गडबड उडते. उत्तर कुणाला येतंय? पोस्टकार्ड शिल्लक आहे का? कार्ड अजून पंधरा पैशांचं आहे. अशी कार्डं देशभरातून पोत्यांनी मुंबईला जातात. एका आठवड्यात सुमारे १४ लाख पत्रं आल्याची नोंद लिम्का बुकात झाली आहे. पुढे तर टपालखातं स्पर्धांसाठी दोन रुपयांचं वेगळं कार्डच काढणार आहे.

तुम्ही पत्ता लिहिता. काकू पडद्याकडे बघत म्हणतात, "अशी सून भेटली पाहिजे बघ एखाद्याला." कुणीच काही बोलत नाही, कारण सगळ्यांच्याच मनात तेच आहे.

हे वाक्य लक्षात ठेवा. पडद्यावरच्या या बाईच्या पुढच्या तीस वर्षांच्या वाटेवर हे वाक्य तिच्या मागे मागे येणार आहे. जे बोलायचं ते दुसऱ्यानं लिहून दिलेलं, जे दिसायचं ते घराघराला हवं तसं. नटीवर आपण जीव टाकतो तो या अटीवर. रेणुका शहाणेच्या कारकिर्दीकडे मी पाहतो ते ही अट तिनं हळूहळू, आवाज न चढवता कशी मोडली, यासाठी.

त्याच वर्षीचा ऑगस्ट. ५ तारखेला 'हम आपके हैं कौन' लागला आहे. मुंबईच्या लिबर्टी थेटरात तो शंभरहून जास्त आठवडे चालणार आहे. तुम्ही बायकांच्या रांगेत बसला आहात. पडद्यावर रेणुका पूजाभाभी झाली आहे, देवाघरची म्हणावी इतकी चांगली. तिचा पाय जिन्यावरून घसरतो, ती गडगडत खाली येते आणि थेटरात एकदम हुंदके फुटतात. तुमच्या शेजारची बाई पदरानं डोळे पुसते. तिची धाकटी बहीण जरीचं पाकीट गच्च धरून बसली आहे.

तुम्ही उद्याचं जाणता, म्हणून तुम्हाला हे दृश्य वेगळं दिसतं. पूजा चांगली आहे आणि मध्यंतरानंतर ती गोष्टीतून जाते. पुढची गोष्ट इतरांची. मायेनं डोळे पुसणाऱ्या या थेटराला तिच्याकडून आणखी काही नको आहे. १९८९ च्या 'सर्कस' मालिकेत शाहरुख खानसोबत रेणुकानं काम केलंय, मराठी सिनेमे केलेत, तरी गावोगावी तिची ओळख म्हणजे ते हसू आणि हा जिना. एवढं प्रेम मिळाल्यावर कुणीही तिथंच थांबलं असतं.

आता काळ पुढे सरकवा. साल २००९.

मराठी सिनेमाला बरे दिवस आले आहेत. एप्रिलमध्ये 'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय' आला आणि ज्यांनी मराठी सिनेमाचं तिकीट काढणं सोडलं होतं तेही रांगेत उभे राहिले. अशा वर्षात रेणुका शहाणे दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा घेऊन येते, 'रीटा'. तुमच्यापर्यंत तो पोचतो रविवारच्या पुरवणीतल्या परीक्षणातून. टपरीवर चहा घेताना तुम्ही ते वाचता आणि एका ओळीवर थांबता. कादंबरी शांता गोखले यांची, 'रीटा वेलिणकर'. शांता गोखले म्हणजे दिग्दर्शिकेची आई.

थोडं थांबू या, घाई करण्यासारखं हे ठिकाण नाही. शांताबाई मोठ्या लेखिका. मराठीत आणि इंग्रजीत सारख्याच ताकदीनं लिहिणाऱ्या, नाटकाच्या जाणकार, स्वतःची कादंबरी स्वतःच इंग्रजीत नेणाऱ्या. त्यांची रीटा घरातली थोरली. कमवायला लवकर लागली, आईबापांचं आणि धाकट्यांचं ओझं तिच्या पगारावर आलं, आणि लग्न झालेल्या आपल्या साहेबावर, साळवींवर, तिनं वर्षानुवर्षं प्रेम केलं. एक दिवस तिचं मन मोडून पडतं. मग ती तुकडे उचलत स्वतःला पुन्हा जुळवते. अशी बाई आपल्या गल्लीत असती तर तिच्याविषयी काय काय बोललं गेलं असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

रेणुकानं रीटाचं काम पल्लवी जोशीला दिलं. साळवी जॅकी श्रॉफ, आईवडील सुहासिनी मुळे आणि मोहन आगाशे. स्वतःसाठी तिनं ठेवली मैत्रीण सरस्वती. मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो. पहिल्याच सिनेमात मुख्य भूमिका स्वतः करायचा मोह कुठल्या नटीला होणार नाही? तिनं मैत्रिणीच्या जागी उभं राहून रीटाची गोष्ट सांगितली. मोडलेल्या बाईशेजारी बसणारी, तिचं ऐकून घेणारी बाई. दिग्दर्शक म्हणून ती पुढे जे करणार होती त्याची बैठक इथंच घातली गेली.

रीटाला कुणी सून करून घेणार नव्हतं. त्या हसऱ्या मुलीनं दाखवायला निवडली ती नेमकी अशी बाई. हा सिनेमा 'हम आपके हैं कौन'सारखा गावोगावच्या पडद्यांवर जाणारा नव्हता. मोठी कंपनी पाठीशी नसलेल्या मराठी सिनेमाला मुंबई-पुण्याबाहेर पडदा मिळवताना काय काय करावं लागतं, हे सिनेमावाल्यांना विचारा. तुम्ही पुरवणीची घडी घालून पिशवीत ठेवता. चहा गार झालाय.

पुढची उडी थोडी जास्त पडते. तुम्ही २०२५ मध्ये येऊन ठेपता. रेणुका शहाणेनं एक छोटा मराठी ॲनिमेशनपट केलाय, 'लूप लाइन'. जालन्याच्या स्टेशनावर वाढलेल्या माणसाला लूप लाइन समजावून सांगावी लागत नाही. मेन लाइनवरून गाडी धडधडत जाते, आणि तिला वाट देण्यासाठी दुसरी गाडी बाजूला उभी. सिनेमातली गृहिणी तशी आहे. नवऱ्याच्या घरात, स्वयंपाकघराच्या फेऱ्यांत अडकलेली, आणि मनातल्या मनात निसटून जाणारी. चित्रांतून सांगायची म्हटल्यावर तिच्या कल्पनेला भिंत आणि छप्पर आडवं येत नाही. ज्या नटीचा चेहरा देशाला पाठ आहे, तिनं आपला चेहरा पूर्ण बाजूला ठेवून गोष्ट सांगितली, ही गोष्ट मला विशेष वाटते.

पण मधली वर्षं सुटली. परत फिरायला हवं, आणि त्याआधी थोडं आणखी मागं, कारण ही वाट तिच्या आधीच पडलेली आहे.

१९५०. जालना अजून हैदराबाद राज्यात आहे. निजामाचं राज्य जाऊन दोन वर्षंही झाली नाहीत, बाजारात हाली शिक्क्याचा रुपया अजून चालतोय. इथून मुंबई गाठायची तर अरुंद रुळांच्या गाडीनं मनमाड आणि तिथं गाडी बदलायची. तुम्ही कोळशाची कणी डोळ्यांत घेऊन मुंबईत उतरता. तिथं 'रामराज्य' सिनेमात सीता झालेली शोभना समर्थ स्वतःच्या कंपनीचा सिनेमा स्वतः दिग्दर्शित करते आहे, 'हमारी बेटी'. १९४३ च्या 'रामराज्य'नंतर घराघरांत तिच्या फोटोला हात जोडले गेले. आता ती कॅमेऱ्यामागे उभी आहे आणि समोर तिची चौदा वर्षांची थोरली मुलगी, नूतन. धाकटी तनुजाही त्यात छोटं काम करते आहे. मुलीला पडद्यावर आणायचं तर कुणाच्या दारात जाऊन उभं राहण्यापेक्षा आपणच सिनेमा काढावा, हा मराठी घरातल्या बाईचा निर्णय. १९५० साली!

आणखी अठरा वर्षं मागं, १९३२. कोल्हापूरच्या प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आलाय, मराठीतला पहिला बोलपट, आणि तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे. सुशिक्षित, खानदानी घरातली, दोन मुलांची आई. बरी माणसं पोरींना सिनेमाचं नावही काढू देत नव्हती, त्या काळात. त्यांच्याविषयी इथं एवढंच सांगतो की एका कंपनीच्या पगारावर बांधून घ्यायला त्या तयार नव्हत्या. पुढे त्यांनी स्वतःची निर्मितीसंस्था काढली, लघुपट केले, जाहिराती केल्या. १९८८ साली दूरदर्शनवर आलेली 'वागले की दुनिया' त्यांच्याच संस्थेची. तिचे दिग्दर्शक कुंदन शाह, आणि पुढच्याच वर्षी 'सर्कस'मध्ये रेणुका शहाणे काम करत होती ती याच कुंदन शाह आणि अझीझ मिर्झा यांच्याकडे. मधे पन्नास-साठ वर्षं गेली तरी या बायका एकमेकींपासून फार लांब नाहीत.

२०१२ ला गाडी थोडी हळू करा. खिडकीतून जालना जिल्हाच दिसतोय. घनसावंगी तालुक्यातल्या जांबसमर्थचे राजकुमार तांगडे यांनी लिहिलेलं, नंदू माधव यांनी बसवलेलं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' मुंबई-पुण्यात गाजतंय. इथल्या शेतांतली पोरं आपल्या बोलीत, आपल्या अंगानं रंगमंचावर उभी आहेत, आणि शहरातले लोक तिकिटासाठी धडपडताहेत. आपली गोष्ट आपणच सांगायची, हे फक्त मुंबईच्या माणसांचं काम नाही, ते या मातीतल्या माणसांनी करून दाखवलं. माझ्या मनात एकच प्रश्न राहतो. याच गावांतल्या ज्या बाया बीजोत्पादनाच्या प्लॉटवर कपाशीचं एकेक फूल बोटांनी उघडून क्रॉसिंग करतात, ज्यांच्या हातांवर जालना शहराचा बियाण्यांचा लौकिक उभा राहिला, त्यांच्यातली एखादी कधी लिहायला बसेल? तिला तेवढा वेळ कोण देईल?

आता उतरा. १५ जानेवारी २०२१.

काल संक्रांत झाली, आज कर. डब्यात तिळाचे लाडू आहेत. सकाळी गावाकडे ग्रामपंचायतीचं मतदान करून आलेल्या मंडळींच्या बोटांना शाई आहे, तोंडावर मास्क आहेत. उद्यापासून करोनाची लस सुरू होणार आणि राज्याचे आरोग्यमंत्री आपल्याच जिल्ह्याचे, म्हणून घरात तोच विषय. थेटरं असून नसल्यासारखी. पण भाचीच्या हातात मोबाइल आहे, मोबाइलवर नेटफ्लिक्स आहे, आणि आजच 'त्रिभंग' आलाय. ज्या दिवशी मुंबईच्या बाईला दिसला त्याच दिवशी, त्याच तासाला जालन्याच्या बाईला दिसतोय. पोस्टकार्डावर उत्तर पाठवून आठवडे वाट पाहिलेल्या माणसाला याचं अप्रूप वाटायलाच हवं.

भाची मोबाइल टीव्हीला जोडते. लेखन आणि दिग्दर्शन रेणुका शहाणे, असं नाव येतं. काकू आता सत्तरीच्या पुढे आहेत. चष्मा वर सारून त्या विचारतात, "ही तीच का, हसणारी?"

"तीच."

"आन् हे सगळं हिनं लिव्हलं?"

"हो काकू. सगळं."

काकू पाय वर घेऊन नीट बसतात.

या वेळी कादंबरी आईची नाही. गोष्ट तिची स्वतःची, शब्दही तिचेच. नयन आपटे, मराठीतली नावाजलेली लेखिका. तरुणपणी ती लिहायला बसली की सासूची कटकट सुरू व्हायची, घरातली कामं सोडून ही कागद काय काळे करते म्हणून. एक दिवस ती दोन्ही मुलांना घेऊन घर सोडते, लेखणी सोडत नाही. मुलगी अनुराधा ओडिसी नर्तकी, सिनेनटी, शिवराळ, लग्नाशिवाय आई झालेली, आणि आईवर खोल संतापलेली. कारण आई लिहीत होती तेव्हा त्याच घरात अनुवर काय गुदरत होतं, ते आईला दिसलं नाही. आणि नात माशा, जिला या दोघींच्या वादळाचा कंटाळा आलाय. ती सुखानं भरल्या घरात, रीतीरिवाज पाळणाऱ्या सासरी जाऊन बसते. नयनला झटका येतो, ती बेशुद्ध पडते, आणि इस्पितळाच्या त्या खोलीत तिघींचा हिशेब मांडला जातो.

ओडिसीत देह तीन ठिकाणी वळतो तो त्रिभंग. अनु तशी, वाकडी आणि देखणी. नयन अभंग, माशा समभंग. सिनेमा हे सांगतो आणि तुम्ही एकेकीकडे पुन्हा नव्यानं पाहता.

मला या सिनेमात सगळ्यात जास्त भावतं ते हे, की रेणुकानं नयनला माफी मिळवून दिलेली नाही आणि तिला गुन्हेगारही ठरवलेलं नाही. लिहिणाऱ्या बाईची बाजू मांडणारा सिनेमा लिहिणं एक वेळ सोपं, लिहिणाऱ्या बाईच्या मुलांची बाजू मांडणाराही सोपा. दोन्ही एकाच इस्पितळाच्या खोलीत ठेवायच्या आणि कुणाचाही आवाज दाबायचा नाही, याला धारिष्ट लागतं. रेणुका स्वतः लिहिणाऱ्या आईची मुलगी आहे आणि स्वतः लिहिणारी आईही. दोन्ही टोकांना तिचा हात भाजलेला नसता तर हे लिहून झालं नसतं, असं मला वाटतं.

आणि कोण उभं आहे पडद्यावर? नयन झालेली तन्वी आझमी, म्हणजे अभिनेत्री उषा किरण यांची मुलगी. अनु झालेली काजोल, म्हणजे तनुजाची मुलगी, नूतनची भाची, आणि १९५० साली कॅमेऱ्यामागे उभ्या राहिलेल्या त्याच शोभना समर्थांची नात. माशा झाली आहे मिथिला पालकर. शोभनाबाईंनी मुलींना पडद्यावर आणण्यासाठी सिनेमा काढला. सत्तर वर्षांनी त्यांची नात, आई आणि मुलगी यांच्यात काय काय तुटतं हे दाखवणाऱ्या सिनेमात उभी आहे, आणि तो सिनेमा लेखिकेच्या मुलीनं लिहिलाय. निर्मात्यांत अजय देवगणची संस्था आहे, हे खरं. पण मोठं नाव पाठीशी असूनही गोष्ट कुठे मऊ केलेली नाही, शिव्या कापलेल्या नाहीत, मराठी घराचा मराठीपणा पुसलेला नाही. स्वतंत्र सिनेमा म्हणतात तो मला इथं दिसतो, पैसा कुणाचा यापेक्षा वाक्य कुणाचं, यात.

सिनेमा संपतो. नावं सरकू लागतात. कुणी लाडवांचा डबा फिरवत नाही.

"नयनचं चुकलंच," वहिनी म्हणतात. "पोरगी घरात रडायली आन् ही लिहीत बसली."

"तिला ठाऊक होतं का?" भाची उसळते. "आणि बाप कुठं होता? त्याला कुणी काही विचारत नाही."

"बापाला कवा इचारतेत? मी आईचं म्हणायले."

"म्हणजे तिनं लिहायचं सोडायचं होतं?"

"थोडे दिवस थांबली असती."

"वहिनी, थांबली ती परत सुरू झालेली मला एक दाखवा."

वहिनी गप्प होतात, पण पटलेलं नाही हे तोंडावर दिसतंय. मग त्या माशाकडे वळतात. त्या पोरीचंच बरोबर, म्हणतात, तिला घर पाहिजे होतं, तिनं घर धरलं. भाचीला माशाचाच राग आलाय. पोटातल्या बाळाची चाचणी करायला सांगणारं सासर तिला चाललं कसं, म्हणून. आवाज चढतात. शेजारच्या खोलीतून दादा डोकावतात, काय झालं विचारतात, आणि त्यांना कुणी उत्तर देत नाही.

"सासू काय वाईट नव्हती," काकू एकदम म्हणतात. "तिला बी कुनी लिव्हू दिलं नसंल."

भाची त्यांच्याकडे वळते. "काकू, असं कुठं आहे सिनेमात?"

"नसू दे. तो इस्पितळातला भाग परत लाव. मला ती नयन काय बोलायली ते नीट ऐकायचंय."